ठिपक्याची जागा

"गोचिडांवर यातलं कुठलंही घ्या ताई. मानेवर थेंब सोडायचे आणि दोन दिवस कुत्र्याला कुणी हात लावायचा नाही," दुकानदार म्हणाला.

"हात लावला तरी चालेल असं काहीच नाही?"

"थेंबांचं सगळ्यांचं तेच."

तरी तिने तिन्ही पाकिटं उलटसुलट करून पाहिली. बाबांना आता घरातलं कुणी ओळखू येत नव्हतं, आणि ठिपक्याच्या डोक्यावर हात असल्याशिवाय ते घास घेत नव्हते.

थेंब लावून तिने ठिपक्याला मागच्या खोलीत कोंडलं. दुपारचं ताट तसंच परत गेलं. संध्याकाळी ती ताट घेऊन बाबांच्या खुर्चीपाशी, ठिपक्याच्या जागेवर, जमिनीवर बसली. चाचपडणारा हात तिच्या केसांवर येऊन थांबला.

"कुठे होतास रे?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी आ केला.