जुना पत्ता

"आई, थांब हं. शिफ्ट सुटली की आलोच. दोघं मिळून जेवू."

नागसेनचे शब्द सरूबाईंच्या कानात अजून ताजे होते. पोरगं निळा शर्ट चढवून कंपनीच्या बसमागे पळालं होतं आणि त्यांनी 'व्हय' म्हटलं होतं. रोज सकाळी बुद्धांपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणणारी बाई. दिलेला शब्द मोडणं म्हणजे खोटं बोलणंच की. ताट तसंच झाकून होतं. कालचंही तसंच राहिलं होतं. ओव्हरटाइम लागला असेल.

आकुर्डीतल्या त्या घरात पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटरवाला बसायचा. केस पिकायला लागलेला, शांत माणूस. नागसेननंच भाडेकरू ठेवला असणार, असं सरूबाईंनी धरलं होतं. तो त्यांना आई म्हणे. गल्लीत सगळेच म्हणत.

"आई, दोन घास तरी खा. आज पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, डॉक्टर म्हणालेत."

"तुमी जेवा, साहेब. माझं लेकरू तिकडं उपाशी राबतंय."

"आणि तो आला म्हणजे?"

"आला म्हंजी काय! त्याच्या आधी माझाच घास." सरूबाई हसल्या. "दारात आला की डब्यानं जाळी वाजवतो, दोनदा. सगळ्या गल्लीला कळतं, सरूबाईचा लाटसाहेब आला."

तो हसला नाही. लॅपटॉपवर फोन वाजला, तो त्यानं घेतला. चाकणच्या ऑफिसातून मिनल बोलत होती, त्याच्या हाताखालची पोरगी.

"सर, वाट लागलीय. कोडची लायब्ररी इन्स्टॉल केलेली आहे, मला समोर दिसतीय, आणि कम्पायलर म्हणतो सापडतच नाही. आंधळा आहे का हा?"

"आंधळा नाही गं. शोधतोय कुठं, ते बघ."

"जुन्याच फोल्डरमध्ये. ती तर कधीच नव्यात गेलीय."

"मग नवा पत्ता दे त्याला."

"दिला ना! दहादा दिला. जुनाच धरून बसलाय."

त्यानं वळून झाकलेल्या ताटाकडे पाहिलं. बिचाऱ्याचं काहीतरी मोठं हरवलंय, सरूबाईंना वाटलं.

"मग भांडू नकोस त्याच्याशी," तो हळूच म्हणाला. "जुन्या जागेवर एक लिंक ठेव. तो जिथं शोधतोय, तिथंच त्याला ती दिसू दे."

"करते. थांबा, सर."

तो थांबला नाही. उठला. खुंटीवरचा, धुऊन धुऊन विरलेला निळा शर्ट त्यानं अंगात घातला. पोटावरचं बटण लागेना.

"अवो साहेब, त्यो माझ्या नागसेनचा हाय!"

"माहितीय, आई."

फळीवरचा स्टीलचा डबा उचलून तो बाहेर पडला आणि दार हळूच ओढून घेतलं.

सरूबाई रागानं उठल्या, तोच जाळी वाजली. दोनदा.

त्यांचा चेहरा उजळला. राग कुठल्या कुठे गेला, आणि त्या दुसरं ताट घ्यायला वळल्या.

टेबलावरून मिनल ओरडत होती, "सापडली! नागसेन सर, सापडली! सर? आहात ना तिथं?"