डीले कर

शालिकरामने फोन स्पीकरवर टाकून कॉम्प्युटरशेजारी ठेवला आणि माऊस मुठीत धरला. "हां, बोल आता."

"आई कुठी हाय?" शेखरने अकोल्याहून विचारलं.

"बेबीताईच्या वावरात निंदाले गेली. ती घरी याच्या आत चालू झालं पायजे बापा."

चार दिवस झाले, गेम उघडत नव्हता. 'जागा नाही' म्हणून पडद्यावर लाल पट्टी यायची. माणिकबाई तरी दुपारची भांडी घासून रोज तिथं येऊन बसायची आणि थोड्या वेळानं न बोलता उठून जायची.

गेम म्हणजे काय, तर तिची बाग. मोर्शीकडच्या त्यांच्या शेतात संत्र्याची एकशेऐंशी झाडं होती. विहीर आटली. साडेआठशे फूट बोअर मारला, तर वर आला तो नुसता फुफाटा. झाडं उभ्यानं वाळली, तेव्हा शालिकरामने ती तोडली आणि सोयाबीन पेरलं. माणिकबाईनं तोंडातून ब्र काढला नाही, पण त्या वावरात पुन्हा पाय ठेवला नाही. मग शेखरने दोन सुट्ट्या खर्चून गेममध्ये तेच शेत आखलं. ती शेजारी बसून सांगायची, इथं इहीर, इथं वाकडं झाड, हे आंबट. गेममध्ये संत्र्याचं झाडच नव्हतं, सफरचंदाचं होतं. चाललं तेच! शेखर नोकरीला अकोल्याला गेला आणि बाई बाणाची चार बटणं दाबत रोज बागेतून फिरून यायला लागली. शालिकराम त्या खोलीकडे फिरकायचा नाही. कोणत्या तोंडानं फिरकणार?

पण चार दिवसांचा तिचा उतरलेला चेहरा त्याच्यानं पाहवेना. एक तरी काम आपल्या हातून तिच्या मनासारखं व्हावं, म्हणून त्यानं आपण होऊन पोराला फोन लावला होता.

"बाबा, आतमंधी दोन कप्पे हायेत," शेखर बसस्टँडवरच्या कलकलाटातून ओरडत होता. "एक ठासून भरला, त्याच्यानं गेम चालू होऊन नाही राहिला. पिवळी फाईल दिसते का? गेमचं समदं सामान त्याच्यातच हाय."

"दिसते."

"तिच्यावर माऊसचं उजवं बटण दाबा. यादी आली?"

"आली."

"आता ते समदं डीले कर्..." मागं एक गाडी भोंगा वाजवत गेली. "...करून टाकाचं हाय. कसं ते सांगतो, थांबा जरा."

थांबायचं कशाला? एवढं तर शालिकरामलाही येत होतं. मोबाईल भरला की गावातला शेंबडा पोरगाही सांगतो, डिलेट मारा. सातवीतलं इंग्रजी त्यानं यादीवरून बोट फिरवत जुळवलं. डी, ई, एल. सापडलं. त्यानं बटण दाबलं.

"हे काहीतरी विचारून राहिलं रे. हो का नाही."

"विचारते ते, हो म्हणा."

शालिकरामने हो म्हटलं. हिरवी पट्टी सरसर पुढं सरकली आणि नाहीशी झाली. त्याला मोठी धन्यता वाटली. उगाच या यंत्राला आपण घाबरत होतो.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"तू म्हनलं ते. डिलेट."



"डिलेट कोन म्हनलं, बाबा? मी 'डी'ले म्हनलं! डी हाय ना, दुसरा कप्पा. सीतून काढून डीले टाकाचं होतं."

"मंग आता काढ ना वापस."

"नाही निघत. एवढी मोठी फाईल कचरापेटीत मावत नाही, कायमची उडते. गेम येईन पुन्हा. बाग नाही येत."

शालिकरामने माऊस सोडला. हाताला घाम आला होता, तो त्यानं धोतराला पुसला. चांगलं करायला गेलो आणि मीच पुन्हा, असं त्याच्या मनात आलं. पायरव झाला म्हणून त्यानं मान वळवली. माणिकबाई दारात उभी होती. हातात विळा, पदराला गवत. स्पीकरवरचं सगळं तिनं ऐकलं होतं, हे तिच्याकडे पाहूनच कळत होतं.

"अवं, चुकलं माह्यं," तो म्हणाला. "मले वाटलं..."

"आई, तू रडू नको," शेखर फोनमधून म्हणत होता. "मी दिवाळीले येतो. तू सांग, मी लावतो. पह्यल्यावानी एकेक झाड सांग."

माणिकबाई चौकटीला टेकली. डोळे कोरडे होते.

"एक डाव तुले सांगतलं अन् मोकळी झाली मी," ती म्हणाली. "रोज पडद्यावर दिसे, मंग ध्यानात कायले ठेवू? आता नाही आठवत मले."

शालिकरामने फोन उचलून तोंडाजवळ धरला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की शेखरला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

"मी सांगतो, लिही," तो म्हणाला. "धुऱ्याच्या बांधापासून पह्यली ओळ. पह्यलं झाड अर्ध्या घंट्यात पडलं. दुसरं चिवट होतं, त्याले दोन कुऱ्हाडी लागल्या. तिसऱ्याले अजून हिरवी पानं होती..."