कूस

"आजोबा, आज पेशंट तुम्ही. झोपा बघू," घरी येणारी फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

"झोपवू नकोस गं, एकदम जेवायलाच उठतील," शेजारच्या खाटेवरून आजी म्हणाल्या. त्यांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. सहा महिने आजोबाच त्यांना कुशीवर वळवत होते, दंडाला धरून, एका दमात. फिजिओने आजोबांना नेमकं तसंच वळवलं.

"आई गं!" आजोबा कळवळून उठून बसले. "माझी तर हाडं धड आहेत. तू एकदाही बोलली कशी नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही पुन्हा हात लावला असता का मला?"

"आता मी सांगते तसं वळवा त्यांना," फिजिओ म्हणाली.

आजोबांचे हात आजींच्या खांद्यापर्यंत गेले आणि काही केल्या पुढे होईनात.