आहे आणि हाय

म्हसवडच्या दीपमालाला बघायला मलकापूरचे पाहुणे येणार होते, त्या दिवशी तिच्या वडिलांनी बजावलं होतं, “पोरी, त्येंच्याम्होरं हाय-न्हाई करू नगंस. मानसं शिकलेली हायत.”

त्याला बारा वर्षं झाली. सासरी दीपमाला अजून ‘आहे’ आणि ‘नाही’च म्हणते. तिथं सगळेच तसं बोलतात. सासूबाई रंगूबाई तर तिच्याशी बोलण्याआधी क्षणभर थांबतात आणि मगच वाक्य काढतात. पोटभर बोलावंसं वाटलं की दीपमाला गच्चीवर जाऊन आईला फोन लावते.

आज दुपारी कुकरची वाफ हातावर आली आणि तिच्या तोंडून निसटलंच, “आगं आये! लय भाजलं की गं!”

रंगूबाई धावत आल्या. त्यांनी तिचा हात नळाखाली धरला. दीपमालाला त्यांच्याकडे बघवेना. हाताची आग कमी झाली. मग रंगूबाई तिथंच स्टुलावर टेकल्या.

 

“व्हय गं, तू बी आमच्यावानीच बोलतीस? आन् तुज्यापायी आमी समदी बारा वर्सं आहे-नाही करत बसलोय. लय दमलो, पोरी.”