मागच्या बाकावरच्या हौसाबाई

हौसाबाईंच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी निंबगावच्या शाळेत शिकवणारी भिंत बसवली. भिंत सगळ्यांचे चेहरे वाचायची आणि वर्गातल्या शेवटच्या माणसाला समजेपर्यंत पुढे सरकायची नाही.

हौसाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. पंख्याच्या वाऱ्याला म्हणून त्या पाचवीच्या मागच्या बाकावर तांदूळ निवडायला बसल्या आणि भिंतीनं त्यांनाही पटावर घेतलं.

"हौसा, कळलं का?" भिंतीनं विचारलं.

"नाही बाई. तीन दोनापेक्षा मोठे, मग तिसरा हिस्सा अर्ध्याहून लहान कसा?"

अपूर्णांकांचा धडा तिथेच अडला. परीक्षा तोंडावर आली तसे लोखंडे गुरुजी काकुळतीला आले. "मावशी, नुसतं हो म्हणा. नाहीतर अख्खा वर्ग पाचवीतच म्हातारा होईल."

"खोटं बोललं की ती ओळखते, गुरुजी. आणि कळलं का म्हणून मला जन्मात पहिल्यांदा कुणी विचारतंय."

शेवटी पोरांनी डब्यातल्या भाकऱ्या काढल्या. एकीचे दोन वाटे केले, दुसरीचे तीन. हौसाबाईंनी दोन्ही तुकडे हातात तोलले.

"अगं बया! खाणारी तोंडं वाढली की वाटा लहान होतो, एवढंच ना? मग हे आधी नाही का सांगायचं?"

भिंत हिरवी झाली. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी दशांश निघाले. हौसाबाई तांदूळ न घेताच येऊन बसल्या, तेव्हा गुरुजींनी कपाळाला हात लावला.

वर्ग पास झाला. पुढच्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी हौसाबाई वारल्या. तेव्हा त्या सहावीत होत्या.