उशिरा पडलेलं बोट

हिपहॉपवाल्या शमाने जुन्या जॅझ रेकॉर्ड्सचा रिमिक्स अल्बम केला होता. त्या रेकॉर्ड्सवरच्या वादकांपैकी फक्त कायतान अंकल हयात होते आणि तेच परवानगी देत नव्हते.

“आमच्या जॅझची खिचडी केलीस ना, पोरी?”

शमाने गाणं लावलं. ट्रम्पेट नाही, पियानो नाही. ड्रमच्या ठेक्यावर नुसता अंकलच्या बोटांनी छेडलेला डबल बास घुमत होता. मूळ रेकॉर्डवर तो जेमतेम ऐकू यायचा. अंकल सावरून बसले.

“इथे माझं बोट उशिरा पडलंय,” ते ओशाळून म्हणाले.

“म्हणून तर तोच तुकडा घेतला. सगळा डौल त्या उशिरातच आहे.”

“साठ वर्षांत बँडमधल्या कुणालाही हे ऐकू आलं नव्हतं,” म्हणत अंकलनी सहीसाठी पेन मागितलं.