बोटीतला पहिला बाक

“तुमी दोघं मागं बसा गो बाय,” चंद्रकांता म्हणाली. “पोरांना जरा एकटं सोडा.”

मंगळी मुकाट्याने उठली. तिच्यामागून मंगळ्या उठला. दोघं बसच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पुढे त्यांचा मुलगा अंकुश आणि दीपिका शेजारी शेजारी बसले, तेव्हा कुठे चंद्रकांताने समाधानाने बोंबलाच्या चटणीची बरणी उघडली.

बोईसरहून निघालेली ही सहल आता केरळातला घाट चढत होती. दोन्ही बाजूंना चहाचे मळे होते. सहलीचा व्यवस्थापक दर्पण याने निघतानाच आगगाडीत सगळ्यांना सांगितलं होतं, “आपल्यात एक नवं जोडपं आहे. शेवटच्या दिवशी जंगलातल्या तळ्यावर बोटीने जायचंय. बोटीचा पहिला बाक त्यांचा. आमच्याकडून भेट!”

सगळ्यांनी अंकुश आणि दीपिकाकडे बघून टाळ्या वाजवल्या. अंकुश काही बोलायला उठला, तोच मंगळीने त्याचं मनगट धरलं.

“गप रे,” ती म्हणाली आणि तिने पदर तोंडावर ओढला.

तेव्हापासून चंद्रकांताने नव्या जोडप्याची काळजी आपल्या अंगावर घेतली होती. ती चिंचणीची. बाजारात सुकी मासळी विकून तिचा आवाज मोठा झाला होता, आणि प्रश्न विचारून उत्तरही आपणच द्यायची तिला सवय होती.

“नवी नवरी नि गळा मोकळा?” तिने दीपिकाला विचारलं. दीपिकाने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “बरं केलंस, काढून ठेवलंस. परवासात भरवसा नाय.”

दीपिका खिडकीकडे तोंड फिरवून हसली.

मळ्यात बस थांबली. बाया पाठीवर टोपल्या घेऊन कोवळी पानं खुडत होत्या. मंगळीने एक पान चावून बघितलं आणि थुंकून टाकलं.

“ह्याला तर वासच नाय,” ती म्हणाली. “ह्यात गवती चाय घालत नाय का?”

भाषा कळली नाही, तरी तिचं तोंड बघून खुडणाऱ्या बाया हसल्या. मंगळ्या तर इतका हसला, की त्याला बांधावर बसावं लागलं. मंगळीने मूठभर पानं त्याच्या अंगावर फेकली.

“म्हातारपणी हे काय!” चंद्रकांता म्हणाली. मग तिचं लक्ष मंगळीच्या हातांकडे गेलं. “नखं बघा, अजून पिवळी. सुनेला हळद लावून लावून माझीपण अशीच झालेली.”

मंगळीने हात पदराखाली घेतले.

“नि तुमच्या लग्नाला किती वर्सं झाली?”

“संसाराला चाळीस पावसाळे झाले,” मंगळी म्हणाली.

चंद्रकांता मंगळ्याकडे वळली. “ह्या लग्नात लय खर्च झाला असल ना?”

“गावाला जेवण घालायचं म्हंजे लय,” मंगळ्या म्हणाला. “माझ्यानं जमत नव्हतं. अंकुश बोईसरला कंपनीत लागला, तवा जमलं.”

“गुणी पोरगा! बापावर भार नाय टाकला.”

“गुणी हाय,” मंगळ्या म्हणाला.

मनोरच्या पलीकडे, डोंगरातल्या पाड्यावर मंगळीचं सगळं आयुष्य गेलं होतं. तिथल्या रानात तिने बिबट्या बघितला होता, रानडुकरं बघितली होती. हत्ती मात्र नाही. तिला घरी आणताना मंगळ्याने दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. हत्ती दाखवीन, ही त्यातली दुसरी.

दुसऱ्या दिवशी जंगलात बस एकदम थांबली.

“हत्ती! हत्ती!”

सगळे पुढच्या काचेकडे धावले. मंगळी ठेंगणी. शेवटच्या बाकावरून ती येईपर्यंत पुढे भिंत झाली होती. ती टाचा उंच करून बघत राहिली. बांबूचं बेट हललं आणि शांत झालं.

“शेपूट तरी दिसलं का?” मंगळ्याने विचारलं.

“माणसांच्या पाठी दिसल्या,” ती म्हणाली आणि हसली. पण वळण येईपर्यंत तिची नजर त्या बांबूंवरून हलली नाही.

त्या रात्री मंगळ्याने पिशवीतून नवा सदरा काढून उशाशी ठेवला.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे तळ्यावर गेले. बोटीत गर्दी झाली. मंगळी सवयीने मागे जाऊन बसली.

“चला, नवं जोडपं पुढे या!” दर्पणने हाक दिली.

टाळ्या सुरू झाल्या. अंकुश आणि दीपिका जागचे हलले नाहीत. मंगळ्या उठला. त्याने नवा सदरा सारखा केला आणि सगळ्यांदेखत मंगळीचा हात धरला.

“अरं, लोकं बघतात,” मंगळी पुटपुटली.

“बघू दे. कबूल केलंय मी.”

तो तिला घेऊन पहिल्या बाकावर बसला. दर्पणने गोंधळून अंकुशकडे बघितलं. अंकुशने हसून मान डोलावली. बोट निघाली.

वळणापलीकडे काठावर हत्तीण उभी होती. तिच्या पायांत एक पिल्लू होतं. पाणी प्यायला वाकलेलं ते पिल्लू चिखलात घसरलं आणि बुडावर बसलं. मंगळी ताडकन उठली.

“बसा, बसा!” दर्पण ओरडला.

तिला ऐकू गेलंच नाही. मंगळ्याचा खांदा धरून ती लहान पोरीसारखी हसत सुटली. हत्तिणीने कान हलवून बोटीकडे बघितलं. वाऱ्याने मंगळीचा पदर सरकला आणि तिच्या गळ्यातले काळे मणी उन्हात नवेकोरे चमकले.

मागे चंद्रकांताने डोळे पुसले.

“काय पोरगा हाय!” ती म्हणाली. “नव्या नवरीला मागं बसवून आईबापाला आपली जागा सोडली.”

“सोडली कुठं, मावशी?” अंकुश म्हणाला. “गेल्या सोमवारी लग्न लागलं ते त्यांचंच. आमचं अजून लागायचं हाय.”